दिवंगत गायक-नटांची चरित्रे आपण शेवटाकडून का वाचतो?

रंगपट

संगीत रंगभूमीवरील एखाद्या दिवंगत कलावंताची जयंती किंवा पुण्यतिथी आली की जे लेख प्रसिद्ध होतात, त्यांचा साचा आता इतका घट्ट झाला आहे की नाव बदलले तरी लेख फारसा बदलावा लागू नये. आरंभी वैभवाचे वर्णन, मग वर्षानुवर्षे सांगितल्या गेलेल्या दोन-तीन आख्यायिका, आणि उरलेला निम्मा लेख कर्ज, आजार, एकाकीपण किंवा अकाली मृत्यू यांवर खर्ची पडलेला. बालगंधर्व म्हटले की अत्तरे, शालू आणि अखेरची हलाखी. मास्टर दीनानाथ म्हटले की एक्केचाळीस वर्षांचे असताना आलेला मृत्यू. केशवराव भोसले म्हटले की ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ (बालगंधर्वांसह केलेला एकत्रित प्रयोग) आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत विषमज्वराने झालेला अंत. यातले काहीही खोटे नाही. मात्र अशा लेखांतून मधली वर्षे गळून पडतात, आणि माझ्या मते कलावंताचे चरित्र खऱ्या अर्थाने त्या मधल्या वर्षांतच असते. तो कोणाच्या कंपनीत होता, पगारी होता की भागीदार, कोणत्या भूमिका त्याने सोडल्या आणि कोणत्या वय झाल्यावरही सोडल्या नाहीत, कंपनी मोडल्यावर त्याचा चरितार्थ कसा चालला, हे प्रश्न आपण विचारतच नाही.

बालगंधर्वांचेच पाहा. २६ जून १८८८ चा जन्म. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’मधली भामिनी १९११ ची, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी १९१६ ची, ‘कान्होपात्रा’ १९३१ चे. प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली ती १९३५ मध्ये. म्हणजे किर्लोस्कर मंडळीत पाऊल ठेवल्यापासून चित्रपटात पुरुषवेषात उभे राहीपर्यंत तीस वर्षे हा माणूस अखंड काम करत होता, नव्या चाली बसवून घेत होता आणि एका मोठ्या बिऱ्हाडाचा खर्च चालवत होता. अत्तराचा उल्लेख करणाऱ्या लेखांत ‘एकच प्याला’मधल्या सिंधूचे जाडेभरडे, ठिगळ लावलेले लुगडे क्वचितच येते. भरजरी शालूसाठी ज्याची ख्याती, त्या नटाने दारिद्र्याची भूमिका करताना प्रेक्षकांची ती अपेक्षा बाजूला सारली, हा अभिनयविषयक निर्णय होता. त्याची चर्चा अत्तराहून अधिक व्हायला हवी होती.

कर्जाविषयीही तेच. रसिकांनी निधी जमवून कंपनीचे कर्ज फेडण्याची तयारी दाखवली तेव्हा बालगंधर्वांनी ती नाकारली आणि प्रयोग करूनच देणे फेडण्याचा मार्ग धरला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपण ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगतो आणि पुढे जातो. प्रयोग करून कर्ज फेडायचे म्हणजे नटाच्या गळ्यावर किती भार पडत असेल, नवी नाटके घेण्याऐवजी हमखास गर्दी खेचणारी जुनीच नाटके किती काळ चालवावी लागत असतील आणि त्याचा कंपनीच्या पुढच्या वाटचालीवर काय परिणाम झाला असेल, हे कोणी लिहीत नाही.

दुसऱ्या बाजूला ज्यांच्या आयुष्याला शोकांतिकेचा शेवट नाही, त्यांच्या वाट्याला लेखच कमी येतात. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. गंधर्व मंडळीत त्यांनी भूमिका केल्या, ‘कान्होपात्रा’चे संगीत दिले, मग प्रभातमध्ये ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशा चित्रपटांना संगीत दिले, १९४२ च्या ‘कुलवधू’ नाटकासाठी ज्योत्स्नाबाई भोळ्यांच्या कंठात ‘बोला अमृत बोला’ घातले, ‘वंदे मातरम्’ला राष्ट्रगीताचा मान मिळावा म्हणून त्याची चाल घेऊन दिल्लीपर्यंत धडक मारली, आणि १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या इच्छेवरून बुद्धवंदना स्वरबद्ध केली. मैफल, रंगभूमी, चित्रपट आणि सार्वजनिक जीवन अशा चारही ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरलेला हा माणूस. त्यांच्या पुण्यतिथीला किती लेख येतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांची गोष्टही याच जातीची आहे. हार्मोनियमवादक म्हणून नाव, ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, गंधर्व मंडळीत भागीदार, तिथून निघून १९१५ मध्ये स्वतःची शिवराज नाटक मंडळी, आणि ती वाट संपल्यावर १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात प्रत्यक्ष हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीतही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने नव्या माध्यमात इतक्या सहज प्रवेश करावा, हे त्या काळी अपवादात्मकच होते. बोलपटाने संगीत नाटक बुडवले असे आपण सरसकट म्हणतो. टेंब्यांना मात्र त्याच बोलपटाने दुसरे आयुष्य दिले.

या धाग्यात दिवंगत गायक-नटांच्या अशा मधल्या वर्षांविषयी लिहावे, ही विनंती. गायक-नट नसलेले पण त्याच परंपरेतून आलेले कलावंतही चालतील.


ऑर्गनवाला

विषय उत्तम आहे. शेवटाकडून वाचण्यामागे भावुकपणाखेरीज एक तांत्रिक कारणही आहे, ते इथे नोंदवतो.

बालगंधर्व, केशवराव किंवा दीनानाथ यांचे जे गाणे आज आपल्या कानांवर पडते, ते ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवरचे आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. नाटकात तेच पद वन्समोअर घेत घेत किती लांबेल याचा नेम नसे, कारण प्रत्येक वन्समोअरला गायक-नट पद निराळ्या अंगाने मांडत असे आणि साथीला गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा माणूस बसलेला असे. तबकडीवर हे सारे आवळून घ्यावे लागे. दीनानाथांच्या जुन्या तबकड्या लक्ष देऊन ऐकल्या की हे स्पष्ट कळते: मुखडा झाला, अंतरा झाला, आणि उरलेल्या थोड्या अवधीत ताना अशा एकावर एक येतात की गायक घड्याळाकडे पाहूनच गातो आहे हे जाणवावे. त्यातले तेज खरे आहे, पण विस्तार कुठून येणार?

दीर्घ ध्वनिमुद्रण सोपे झाले ते नंतर, चुंबकीय फीत आली तेव्हा. तोवर दीनानाथ आणि केशवराव हयात नव्हते आणि बालगंधर्वांचे वय झाले होते. त्यामुळे त्यांच्या ऐन उमेदीचे गाणे तीन मिनिटांत कोंबलेले आणि निवांत गाणे उतारवयातले, अशी विचित्र विभागणी आपल्या हाती आली. ऐकणारा त्या थकलेल्या आवाजावरून माणसाचे मोजमाप करतो. १९१६ साली रुक्मिणीची पदे रंगमंचावर कशी लागत असतील याचा अंदाज त्या ध्वनिमुद्रणांवरून बांधणे म्हणजे निवृत्त पैलवानाच्या चालण्यावरून त्याच्या कुस्तीचा अंदाज बांधणे होय.

तेव्हा या कलावंतांच्या मधल्या वर्षांविषयी जाणून घ्यायचे तर ध्वनिमुद्रणांपेक्षा तत्कालीन परीक्षणे, सहकाऱ्यांच्या आठवणी आणि कंपन्यांचे कागद यांवरच अधिक विसंबावे लागेल.


वऱ्हाडी रसिक

मधल्या वर्षांचाच विषय निघाला आहे तर वसंतराव देशपांड्यांखेरीज हा धागा पुरा व्हायचा नाही.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, मूर्तिजापूरचा. गाण्याचे पहिले शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. भालजी पेंढारकरांच्या १९३५ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांनी कृष्णाची भूमिका केली, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. यानंतर कोणाही चरित्रकाराने थेट ‘कट्यार काळजात घुसली’वर उडी मारावी असा मोह होतो आणि बहुतेक जण तशी मारतातच. त्या नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे मध्ये बत्तीस वर्षे आहेत.

त्या बत्तीस वर्षांतला फार मोठा भाग सैन्याच्या हिशेब खात्यातल्या नोकरीत गेला. दिवसा खातेवह्या आणि संध्याकाळी तंबोरा, असा तो काळ होता. याच काळात ते लाहोरला राहून आले, तिथे असद अली खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली, आणि मारवा या रागाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. दीनानाथांच्या गायकीचा संस्कार त्यांच्यावर लहानपणापासून होता, तो याच वर्षांत मुरला. साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा वय पंचेचाळिशीच्या आसपास. ज्या वयात सरकारी नोकर निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडायला लागतो, त्या वयात या गृहस्थाने पूर्ण वेळ गाण्याला वाहून घेतले.

‘कट्यार’मधले खाँसाहेब आफताब हुसेन यांचे पात्र पुरुषोत्तम दारव्हेकरांनी उभे केले आणि चाली जितेंद्र अभिषेकींच्या होत्या. त्या भूमिकेत घराण्याचा अभिमान आणि इतकी वर्षे डावलले गेल्याची सल एकत्र नांदतात. वसंतरावांना कोणत्याच एका घराण्याचा शिक्का लागलेला नव्हता आणि त्यापायी त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले होते, हे लक्षात घेतले की खाँसाहेबांचा संताप त्यांच्या तोंडी इतका अस्सल का वाटे, ते उमगते. ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाच्या दोन चाली नाटकात समोरासमोर येतात, एक शांत आणि एक आक्रमक. खाँसाहेबांच्या वाट्याची आक्रमक चाल गाताना ते शब्दावर जो अचानक झडप घालत, ती केवळ गळ्याची कसरत नसे. ते पात्रच त्या क्षणी बोलत असे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळालेली ही भूमिका पंचविसाव्या वर्षी मिळाली असती तर ती इतकी खोल गेली नसती, असे मला ठामपणे वाटते. नोकरीतली ती वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

३० जुलै १९८३ रोजी ते गेले. म्हणजे पूर्ण वेळ कलावंत म्हणून त्यांना अठरा-एकोणीस वर्षेच मिळाली.


स्पष्टवक्ता

मूळ लेखाशी माझा मतभेद आहे, तो सौम्य शब्दांत मांडतो.

शोकांतिका वगळा असे लेखक म्हणत नाहीत हे मान्य. परंतु त्या बाजूला सारा असा त्यांचा सूर आहे, आणि तसे केले की एका मोठ्या आर्थिक सत्यावर पडदा पडतो. नाटक कंपनी हा व्यवसाय होता. कंपनीत स्वयंपाकी, कपडेपटवाले, पडदे रंगवणारे, वादक, शिकाऊ मुले अशी मोठी पलटण पोसावी लागे आणि उत्पन्न तिकीटखिडकीवर अवलंबून असे. मुक्काम लांबला, पाऊस लागला, मुख्य नटाचा घसा बसला, की खर्च तेवढाच आणि उत्पन्न शून्य. अशा व्यवसायाच्या मालकाला कर्ज होते, यात करुण असे काय आहे? ते त्या व्यवसायाचे स्वरूपच होते. तो तपशील गाळून ‘मधल्या वर्षां’तल्या भूमिकांची यादी दिली, तर तेही चरित्र अपुरेच राहील.

दीनानाथांचे उदाहरण घ्या. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर १९१८ मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधली लतिका, ‘रणदुंदुभि’मधली तेजस्विनी, सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’, वझेबुवांच्या चाली: कंपनीचा दर्जा वादातीत होता. पण १९३२ नंतर बोलपटाने प्रेक्षक ओढून नेला, तेव्हा बळवंत मंडळींनीही चित्रपटात उडी घेतली आणि १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले. त्यात कंपनीला मोठी खोट आली आणि मग ती सावरलीच नाही. टेंबे प्रभातमध्ये कलावंत म्हणून गेले, भांडवल दुसऱ्याचे होते. दीनानाथ निर्माते म्हणून उतरले, भांडवल स्वतःचे होते. दोघांच्या नशिबात जो फरक पडला तो या एका गोष्टीने पडला, लवचीकपणाने नव्हे.

आणि या शेवटाचा परिणाम पुढच्या पिढीवर झाला, तो कसा गाळणार? २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले तेव्हा त्यांची थोरली मुलगी लता साडेबारा वर्षांची होती. त्याच वर्षी ती मास्टर विनायकांच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये काम करताना आणि गाताना दिसते. ज्या कारकिर्दीचा आपण आज अभिमान बाळगतो तिचा आरंभ हौसेतून झालेला नाही, एका बुडालेल्या कंपनीच्या पश्चात घर चालवण्यासाठी झालेला आहे.


रंगपट

स्पष्टवक्ता यांचा टेंबे आणि दीनानाथ यांच्यातील भेद मला पटला. भांडवल कोणाचे, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण मग आपले दोघांचे म्हणणे फार दूर नाही. त्यांच्या प्रतिसादात कर्जाचे कारण आहे, आणि पुण्यतिथीच्या लेखांत मला खटकते ती कारणाच्या जागी येणारी करुणा. कंपनी का बुडाली हे चार ओळींत सांगता येते, तरी त्याऐवजी नट किती भोळा आणि उदार होता याचे पानभर वर्णन येते. व्यवहारातले निर्णय चुकले, असे म्हणायला आपण कचरतो, कारण त्याने मोठेपणाला बाध येईल असे वाटते. प्रत्यक्षात सतराव्या वर्षी कंपनीची मालकी अंगावर घेऊन पंधरा-सोळा वर्षे ती उत्तम चालवणे, हाही मोठेपणाच आहे.

केशवरावांबाबतही हेच म्हणावेसे वाटते. १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी स्थापन केली तेव्हा ते अठराव्या वर्षात होते. एकतिसाव्या वर्षी ४ ऑक्टोबर १९२१ ला ते गेले, त्यामुळे मधली वर्षे जेमतेम तेरा. त्या तेरा वर्षांत त्यांनी कंपनी अशी बांधली की संस्थापक गेल्यावरही ती उभी राहिली. त्या काळातल्या किती कंपन्यांना हे जमले?


मृच्छकटिका

आतापर्यंतच्या चर्चेत स्त्री कलावंत केवळ ओझरत्या आल्या आहेत, म्हणून लिहिते.

हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांचे नाव काढले की आज कोणालाही प्रथम ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन आठवते आणि मग त्यावर आधारलेला १९७७ चा ‘भूमिका’ हा चित्रपट, ज्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्मकथन धीट आहे, चित्रपट मोठा आहे, आणि स्मिता पाटील स्वतः १३ डिसेंबर १९८६ रोजी एकतिसाव्या वर्षी गेल्यामुळे त्या चित्रपटाभोवती आणखी एक विषण्ण वलय आहे. परंतु या सगळ्यात हंसाबाईंचे पडद्यावरचे काम हरवून गेले. प्रभातच्या १९४१ च्या ‘संत सखू’मधली सोशिक सखू आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’मधली ठसकेबाज नर्तकी या दोन भूमिका ओळीने पाहाव्यात. सखूची नजर सतत खाली असते, हालचाल आखडलेली असते. रामजोशीत तीच बाई मान किंचित तिरकी करून समोरच्याला आव्हान देते आणि अख्खा फड जिंकते. अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने ही दोन टोके गाठणाऱ्या अभिनेत्रीला आपण तिच्या दुःखांपुरते लक्षात ठेवावे, हा अन्याय आहे. ‘सांगत्ये ऐका’ याच नावाच्या १९५९ च्या तमाशापटाने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला, त्यातही त्यांचा वाटा मोठा होता.

त्याच रामजोशी चित्रपटात शीर्षक भूमिका करणारे जयराम शिलेदार, आणि त्यांच्या पत्नी जयमाला शिलेदार, यांचे उदाहरण तर या धाग्याच्या विषयासाठीच बेतलेले आहे. संगीत रंगभूमीचा अस्त झाला असे सगळे जण म्हणत असताना, १९४९ मध्ये त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि जुनी संगीत नाटके गावोगाव नेली. जयमालाबाई २०१३ मध्ये गेल्या, त्यांची कन्या कीर्ती शिलेदार जानेवारी २०२२ मध्ये. कीर्तीताईंनी सगळे आयुष्य संगीत नाटकाला दिले आणि २०१८ च्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. या घराच्या कथेत कोसळणे नाही, केवळ चिवटपणा आहे. त्यामुळेच बहुधा यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही!


विंगेतला

वसंतरावांच्या नोकरीच्या संदर्भात एक मुद्दा जोडतो. कंपन्या मोडल्यावर नट आणि गायक यांना पगारी आसरा उरला नाही, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पिढीतले बहुतेक मोठे कलावंत आधी दुसरेच काहीतरी होते. रामदास कामत एअर इंडियात नोकरीला होते आणि ‘मत्स्यगंधा’तली त्यांची पदे घराघरांत पोचली तेव्हाही ती नोकरी चालूच होती. अरुण दाते वस्त्रोद्योगातले अभियंते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. आफ्रिकेत व्यवसाय करून परतले, १९६९ मध्ये वैद्यकी सोडली, आणि पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले.

यातल्या घाणेकरांवर मात्र शेवटाकडून वाचण्याचा सर्वाधिक अन्याय झाला आहे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या या दोन भूमिकांनी व्यावसायिक नाटकाच्या प्रेक्षकाला पुन्हा नटासाठी तिकीट काढण्याची सवय लावली. नाटककार आणि निर्माता यांच्या नावांबरोबरीने, किंबहुना त्यांच्याही आधी, नटाचे नाव जाहिरातीत झळकू लागले. त्या नावावर किती प्रयोग उभे राहिले, मंचामागच्या किती लोकांचे संसार चालले, हा हिशेब त्यांच्या व्यसनाच्या कथांखाली गाडला गेला. मार्च १९८६ मध्ये अमरावतीला त्यांचा मृत्यू झाला तो दौऱ्यावर असताना, एवढे तरी ध्यानात असू द्यावे.

लागूंच्या बाबतीत उलटे झाले आहे. तिथे ‘नटसम्राट’ इतके मोठे झाले की ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘पिंजरा’ हे सगळे त्याच्या सावलीत गेले. ‘नटसम्राट’मधली गणपतराव बेलवलकर ही भूमिका पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केली. चौघेही आता नाहीत. या चौघांच्या बेलवलकरांची तौलनिक चर्चा करणारे कोणी असेल तर वेगळा धागा काढावा, मी नक्की वाचेन.


ऑर्गनवाला

रंगपट यांनी ललितकलादर्शविषयी विचारले म्हणून पुन्हा लिहितो. केशवरावांनंतर बापूराव पेंढारकरांनी कंपनी चालवली, १९३७ मध्ये तेही गेले, आणि मग त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली. भालचंद्र यांचा जन्म १९२१ चा, म्हणजे केशवराव गेले त्याच वर्षीचा. ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ या नाटकांतून ललितकलादर्श नव्या प्रेक्षकापर्यंत पोचली. ते २०१५ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. केशवरावांचे तेरा वर्षांचे काम मोजायचे तर मोजपट्टी १९२१ पाशी थांबवता येत नाही.

आणखी एक गोष्ट भालचंद्र यांच्यावरच्या लेखांत येत नाही. त्यांनी मुंबईत मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहातून होणाऱ्या नाट्यप्रयोगांचे ध्वनिमुद्रण फितींवर करून ठेवण्याचा ध्यास घेतला होता. स्वतःच्या कंपनीपुरते नव्हे, इतरांच्या नाटकांचेही. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी ज्या तीन मिनिटांच्या अडचणीविषयी लिहिले, तिच्यावरचा हा उपाय होता: प्रयोग जसा झाला तसा, वन्समोअर आणि टाळ्यांसकट. गायक-नटांच्या शेवटच्या पिढीचे गाणे आपल्याला त्यांच्या उमेदीत, पूर्ण लांबीचे ऐकायला मिळते ते अशा उद्योगामुळे.


स्पष्टवक्ता

पेंढारकरांच्या फितींबाबत एक जोड. गाण्याच्या रसिकांना त्यातली पदे हवी असतात, आणि जिथे जिथे अशी सामग्री प्रसारित होते तिथे संवाद कापून पदेच तेवढी ठेवली जातात. तसे करू नये. पद सुरू होण्याआधीच्या दोन वाक्यांत नट स्वर कसा पकडतो, बोलण्यातून गाण्यात कसा शिरतो, हे गायक-नटाचे खास कसब आहे. ते संवाद कापले की उरतो तो निव्वळ गायक.


रंगपट

हे महत्त्वाचे बोललात. छोटा गंधर्वांच्या (१९१८–१९९७) बाबतीत तर हे शंभर टक्के लागू आहे. त्यांच्या ‘सौभद्र’मधल्या कृष्णाची पदे सर्वत्र ऐकायला मिळतात, पण रुक्मिणीशी चालणारे ते मिश्कील संभाषण आणि त्यातूनच हलकेच उगवणारे पद, असा सलग ऐवज दुर्मीळ आहे.

पुढचा धागा गोविंदराव टेंब्यांवर काढतो आहे, १९११ पासून बोलपटापर्यंत सालवार. त्या काळातल्या प्रयोगांच्या हस्तपत्रिका ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी गाव, तारीख आणि पात्रयोजना एवढे तरी तिथे नोंदवावे. छायाचित्र नसले तरी चालेल.